शंभरात तीस

४ मार्च, मंगळवार. सकाळी १० वाजून २० मिनिटं.

फाईल क्रमांक १११७ उघडत होतो, तेवढ्यात ढब्बू आला. खांद्याला नवी बॅग, पायात नवे बूट. "दादा!" म्हणत सगळ्यांदेखत गळ्यात पडला. मालक हसले.

मीच मालकांच्या कानावर घातलं होतं — माझा मावसभाऊ इंजिनिअर झालाय, घरी बसून आहे, बघा ना. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा!

लहानपणी भोपळ्यासारखा होता म्हणून ढब्बू. आता शेवग्याची शेंग झालाय. नाव तेवढं चिकटून राहिलं.

दुपारी विचारतो, "दादा, तू नक्की काय करतोस रे दिवसभर?" समजावून सांगितलं. लोक बिघडलेल्या डिस्क आणतात. मशीन त्यांतून फाईली ओढून काढतं, पण फाईलींची नावं जातात, नुसते क्रमांक राहतात. मग कशात लिहिलेला मजकूर आहे आणि कशात फोटो, गाणी, प्रोग्रॅमची आतडी — ते उघडून बघावं लागतं. मी एकेक उघडतो. वाचता आली तर 'मजकूर', वेडीवाकडी चिन्हं दिसली तर 'इतर'. दोन ढीग. डिस्क संपली की वहीत नोंद.

"एकेक? हाताने?" म्हणाला. मग पटकन गप्प बसला. त्या गप्प बसण्याचाच जास्त राग आला.

५ मार्च, बुधवार

ढब्बूने माझे महिन्याभराचे ढीग मागितले, अजून न पुसलेले. "तपासायला हवेत." माझ्या चुका शोधणार! दिले. शोध म्हणावं. तीन वर्षांत मालकांनी एकदाही फाईल परत पाठवलेली नाही.

७ मार्च, शुक्रवार

त्याने प्रोग्रॅम लिहिला. दोन दिवसांत. मालक खुर्ची ओढून बघायला बसले, मी मागे उभा.

फाईल उघडायचीच नाही म्हणे. पहिला तुकडा घ्यायचा, पाचशे बारा आकड्यांचा — फाईल म्हणजे शेवटी आकड्यांची माळ. त्यात शून्य सापडलं की 'इतर', कारण साध्या मजकुरात शून्य येत नाही. शून्य नसेल, तर आजच्या पद्धतीने लिहिलेली अक्षरं आहेत का बघायचं, त्यांचा साचा ठरलेला असतो. तोही नसेल, तर विचित्र आकडे, म्हणजे साध्या इंग्रजी मजकुरात न येणारे, मोजायचे. शंभरात तीसपेक्षा जास्त — 'इतर'. कमी — 'मजकूर'.

मला अकरा दिवस लागलेली डिस्क लावली. मालकांच्या हातातला चहा निवायच्या आत संपली!

"आणि हा आमचा दादा बसलाय डोळे फोडत!" मालक. सगळे हसले. ढब्बू हसला नाही. म्हणाला, "दादामुळेच झालं हे." दयाच की ती. मला त्याची दया नको आहे.

तीसच का? पंचवीस का नाही? विचारायचं होतं. त्याला विचारायला तोंड उघडेना.

९ मार्च, रविवार

मावशी आणि ढब्बू जेवायला. आईने त्याला दोनदा आग्रह केला. मला एकदा.

मावशी म्हणते, "तुझ्यामुळे लागला हो मार्गाला." आई म्हणते, "अगं, आता हाच त्याच्याकडून चार गोष्टी शिकेल." मी ताटातून वर बघितलं नाही. याला मुळाक्षरं मी गिरवायला लावली होती. अजूनही ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही त्याला. इंजिनिअर!

११ मार्च, मंगळवार

काउंटरवर बसलो. मालकांचा हुकूम. "तू गिऱ्हाईक बघ. महिनाअखेर ठरवू तुझं काय करायचं ते." म्हणजे काय ते कळायला बारावी पास व्हावं लागत नाही. माझ्या खुर्चीत ढब्बू. खुर्ची उंच करून घेतली त्याने.

संध्याकाळी एक नर्सबाई आल्या, ड्यूटीवरून तशाच. पिशवीत वडिलांचा जुना कॉम्प्युटर. वडील छापखान्यात अक्षरं जुळवायचे, मागच्या महिन्यात गेले. "मला फोटो नकोत," म्हणाल्या. "त्यांनी लिहिलेलं तेवढं काढून द्या. मी जन्मले तेव्हाच आई गेली. बाबा कधी तिच्याबद्दल बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, सगळं लिहून ठेवलंय, मी गेल्यावर वाच."

पावती फाडली. नाव दोनदा विचारून शुद्ध लिहिलं.

१३ मार्च, गुरुवार

नर्सबाईंची डिस्क एकदा वाचली गेली आणि मेली. आता जे आहे ते आमच्या मशीनवर.

१५ मार्च, शनिवार

प्रोग्रॅमने एकतीस 'मजकूर' फाईली काढल्या. नर्सबाईंनी काउंटरवरच बघितल्या. प्रिंटर कसा लावावा. प्रोग्रॅम कसा चालवावा. सगळ्या कॉम्प्युटरबरोबर आलेल्या.

"एवढंच?"

ढब्बू आतून आला. "ताई, बाकीच्या फाईलींत मजकूर नाही. तपासलंय."

त्या बराच वेळ पावतीची घडी घालत राहिल्या. "मग नसेल लिहिलं त्यांनी. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील." सही केली. सही झाली की आठ दिवसांनी सगळं पुसायचं, असा दुकानाचा नियम. आठवा दिवस रविवार, म्हणजे २४ तारखेला.

१८ मार्च, मंगळवार

सापडला! सापडला!!

चार दिवस डबा खायच्या वेळात ढब्बूचे 'इतर' ढीग चाळतोय, एक चूक मिळावी म्हणून. आज नर्सबाईंच्या ढिगात फाईल ४१२. वेडीवाकडी चिन्हं, नेहमीसारखी. बंद करणार होतो. पण ओळी दिसल्या. कुठे लांब, कुठे अर्धी. मधे मोकळी जागा, पुन्हा सुरुवात. कचऱ्याला परिच्छेद कुठून आले?

छापखाना! पूर्वी छापखान्यांचे आपापले टाइप असायचे. आपली अक्षरं परक्या आकड्यांच्या जागी बसवलेली. तो टाइप मशीनवर नसला की नुसती गिचमिड दिसते. कोपऱ्यावरच्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे धावत गेलो. त्याच्याकडे चार जुने टाइप होते. तिसरा बसला.

आणि गिचमिड बोलायला लागली: "तुझी आई शिट्टी वाजवायची. बायकांनी वाजवू नये म्हणायचे, म्हणून जास्तच वाजवायची."

पुढे वाचलं नाही. गिऱ्हाइकाचं वाचायचं नाही, हा माझा नियम आहे. अशा दोनशे सहा फाईली. प्रत्येकीत विचित्र आकडे शंभरात ऐंशीच्या वर. ढब्बूच्या तीसने सगळ्या 'इतर'मध्ये ढकलल्या.

लगेच सांगायला उठलो. आतून मालकांचा आवाज आला, "इंजिनिअरसाहेब, चहा घेणार?"

बसलो.

१९ मार्च, बुधवार

पेन ड्राइव्हवर दोनशे सहा फाईली उतरवून घेतल्या. तीनदा मोजल्या. टाइपही घेतला.

आत्ता सांगितलं तर काय होईल? ढब्बू एक आकडा बदलेल, मालक म्हणतील "शाब्बास", तेही त्यालाच. सोमवारी तो स्वतःच्या हाताने पुसेल. मग मी बोलेन. कुणाचं काही बुडत नाही. फाईली माझ्या खिशात आहेत.

२१ मार्च, शुक्रवार

नर्सबाई रस्त्यात दिसल्या. मी पानाच्या ठेल्याआड झालो.

२२ मार्च, शनिवार

ढब्बूने डब्यातला अर्धा लाडू माझ्यापुढे ठेवला. "दादा, रागावलास का माझ्यावर?" "छे! कशाला?" लाडू खाल्ला. गोड होता, काय करणार.

२४ मार्च, सोमवार

११ वाजून ५ मिनिटांनी पुसलं. मी दारात उभा राहून बघितलं.

२५ मार्च, मंगळवार

नर्सबाईंना फोन करून बोलावलं. मालक हजर, ढब्बू हजर. पेन ड्राइव्ह लावला, टाइप निवडला, ४१२ उघडली. पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्या पहिली ओळ वाचून हसल्या. मग तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "दहा दिवस मी बाबांवर रुसले होते हो. फोटोला फूलसुद्धा वाहिलं नाही."

हे माझ्या हिशोबात नव्हतं.

त्या गेल्यावर मालकांनी ढब्बूला फाडून खाल्लं. "कुठून आणलास तो तीसचा आकडा? स्वप्नात दिसला?" ढब्बू म्हणाला, "माझी चूक आहे." एवढंच. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "डोळा तो डोळा! उद्यापासून तुझी खुर्ची तुला."

ढब्बू पडद्याजवळ गेला. पेन ड्राइव्हवर फाईली कधी उतरवल्या, ती तारीख पडद्यावर होती — १९ मार्च. त्याने ती वाचली. माझ्याकडे बघितलं. मग बॅग उचलली.

२६ मार्च, बुधवार

ढब्बू आला नाही. मालक म्हणाले, येणारही नाही. खुर्ची खाली करून घेतली.

आईला सगळं सांगितलं — तारीख सोडून. आई म्हणाली, "अरे, तो पोरगा रडला असेल रे." माझ्या शाबासकीबद्दल एक शब्द नाही.

२८ मार्च, शुक्रवार

प्रोग्रॅममधला तीस बदल, म्हणाले मालक. प्रोग्रॅमही शेवटी साधा मजकूरच. नेहमीसारखा उघडला, वाचला. तीसच्या वर ढब्बूने स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होती:

"हा आकडा दादाच्या महिन्याभराच्या ढीगांवरून मोजून काढला. दादाने यापुढचं सगळं 'इतर'मध्ये टाकलंय. दादाचा डोळा चूकत नाही."

'ढिगां'तला ढि दीर्घ. 'चुकत'मधला चु दीर्घ. सुधारायला हात उचलला नाही.

वही काढली. तीन वर्षं, डिस्क १४६. वेडीवाकडी दिसली की 'इतर'. आठ दिवसांनी पुसली. एकाही गिऱ्हाइकाने फाईल परत पाठवली नाही — नसेल लिहिलं, म्हणून सही करून गेले असतील.

"तुमची जुनी डिस्क अजून घरात आहे का?" एवढंच विचारायचं. पहिल्यांनी भंगारात दिली. दुसरे बघून सांगतो म्हणाले.

फोन केले: २. राहिले: १४४. ढब्बूचा धरून १४५.