चौदाव्या पानावरची खळी

आप्पा, मला भीती वाटते आहे. हजार माणसांसमोर आमच्या पोरीचा आवाज कधी कापत नाही, असं तुम्ही येईल त्याला सांगायचात. तीच पोरगी आज नांदेडच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक बटण दाबायला घाबरते आहे. मी एक पुस्तक केलं आहे. गोष्ट माझी, चित्रंही माझीच, टॅबलेटवर काढलेली. वीस पानं, पडद्यावरच उलटायची. पुण्याला आणि हैदराबादला मुलांची पुस्तकं आणि ॲनिमेशन करणारी पाच जाणकार माणसं आहेत. त्यांनी आज संध्याकाळपर्यंत फाइल मागितली आहे. आवडलं तर पुस्तक घराघरांत जाईल. गोष्ट आहे भूकंपात गेलेल्यांचे चेहरे काढणाऱ्या एका पेंटरची आणि त्याच्या बडबड्या मुलीची. म्हणजे आपली.

लातूरला आपल्या घराच्या पुढच्या खोलीत तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवायचात. भूकंपानंतर औशापलीकडच्या गावांतली माणसं यायला लागली. घरातले फोटो दगडमातीखाली गेलेले, कित्येकांचा तर कधी काढलेलाच नव्हता. "पेंटर, आमच्या म्हाताऱ्याचं तोंड काढून द्या," असं म्हणून ती दारात बसायची. त्यांनी आठवून सांगायचं, तुम्ही मान खाली घालून पेन्सिल चालवायची आणि प्रश्न मी विचारायचे, कारण रडणाऱ्या माणसाकडे बघून बोलणं तुम्हाला जमत नव्हतं. मी बारा वर्षांची, वक्तृत्वाच्या ढाली जिंकून आणणारी. मग एक दिवस ती बाई येते. तिची मुलगी माझ्याच वयाची होती. बाई नुसती पदराचं टोक पिळत बसते. तिची वाट बघणं मला सहन होत नाही. "नाक सरळ होतं ना? केस दाट? हसली की गालाला खळी पडायची ना?" प्रत्येक प्रश्नाला ती "हाव" म्हणते आणि तुम्ही काढत राहता. रंग भरून चित्र वाळलं तेव्हा तिनं ते बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. आई चहाच्या कपबश्या उचलत होती. ती म्हणाली, "आपल्या पोरीचं चित्र त्या बाईला कशाला दिलंत?"

तुमचं तोंड पांढरं पडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई रडायला लागली, "आता जित्या पोरीच्या फोटोला हार घालतील तिथं." तुम्ही माझ्याकडे वळलात आणि आवाज न चढवता म्हणालात, "तू तिला इचारलं न्हाईस. तू सांगितलंस." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तुम्ही गेलात आणि दुपारी रिकाम्या हातानं परत आलात. "दिलं न्हाई तिनं," एवढंच बोललात. त्यानंतर तुम्ही माणसाचा चेहरा काढला नाही. पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, भिंतींवर पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे रंगवून घ्यायला मालक दारात येऊन बसायचे. तुम्ही म्हणायचात, "अक्षरं काढतो, तोंडं न्हाई." फ्लेक्स आले आणि अक्षरंही गेली.

मी मात्र बोलत राहिले. नांदेडला, लोह्याला, अहमदपूरला, पालकांच्या सभेत, क्लासवाल्यांना समोर बसवून मी गरजले आहे की मुलांची तोंडं भिंतीवर लावून दुकान चालवू नका, त्या मुलाला तुम्ही विचारलं होतं का? टाळ्या पडल्या आहेत. ते मला आजही पटतं, अगदी तितकंच. म्हणून तर बटण दाबवत नाही. कारण पुस्तकात चौदाव्या पानावर मी त्या मेलेल्या मुलीचं चित्र काढलं आहे, खळीसकट. ते हुबेहूब जमतं, तिची आई ते बघून हसते, असं लिहिलं आहे. मुलांच्या पुस्तकाचा शेवट गोड हवा, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

रविवारी मी औशाला उतरून रिक्षानं त्या बाईच्या पुनर्वसनाच्या गावी गेले. पुस्तकाला तिची परवानगी घ्यायची, एवढ्यासाठीच. ती दारात तूर निवडत होती. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "लई म्हातारी झालीस की गं. भिंतीवरची तर हाय तेवढीच हाय." आत चित्र होतं. रंग उडालेला, पण हार नव्हता, हाराचा खिळासुद्धा नव्हता. "तुझा बाप आला होता. पाया पडून म्हणला, हार तेवढा घालू नका. म्या म्हणलं, घालीत न्हाई, पर न्हेऊ नका. कुणाची का आसंना, पोर हाय. घरात पोर लागती." तुम्ही हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत.

मग मी पहिल्यांदा नीट विचारलं, "तुमची कशी होती?" आणि गप्प बसले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "खळी नव्हती तिला. वरचा एक दात पुढं होता. त्याच्यावरून मी तिला चिडवायची." तिनं मला ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला, निघताना ओंजळभर तूर बांधून दिली.

काल दिवसभर मी चौदावं पान पुन्हा काढलं. खळी पुसली, दात पुढे आणला, आईचं हसू काढून टाकलं. आता ते खरं दिसतं आणि म्हणूनच जास्त भीती वाटते. आता ती खरोखर तिची मुलगी आहे. पाच वाजून गेले आहेत. फाइल जोडलेली आहे, बटणावर बोट आहे, आणि तुमच्याशिवाय हे कुणाला सांगणार? आप्पा, त्या घरात मी दोन तास बसले, जेवले, पण पुस्तकाचं मी तिला विचारलंच नाही. ती नको म्हणेल, असं वाटलं.