निळा स्वेटर उसवताना

१९ नोव्हेंबर १९३४
थंडी पडली. शाल घेऊनच शाळेत गेले. आता मुलींच्या आया जुने स्वेटर आणू लागतील. उसवायचे, लोकर रिठ्यात धुवायची, नव्यानं कानटोप्या, मफलर, हातमोजे. शिवणाचे तास संपवून घरी आलं की हेच.
घरमालकीण इरव्वा म्हणाली, "बाई, सुया तरी बोलत्यात काय तुमच्यासंगं?" हसले. शाळेबाहेर आज माझ्याशी कुणी बोललं ते एवढंच.

२२ नोव्हेंबर
एक नवी बाई आली. सिंधू. पुण्याची, पंचविशीची. यजमान रेल्वेत, गेल्या महिन्यात बदली होऊन आले. कडेवर मुलगी. "हिला टोपडं आणि मोजे होतील ना यातून?" म्हणून पिशवीतून निळा पुरुषी स्वेटर काढला.
डाव्या बाहीची कड तपकिरी. निळी लोकर संपली होती, म्हणून मीच—
मी विणलेला. त्यांच्यासाठी.
"कुणी विणलाय?" कसंबसं विचारलं.
"यांच्या पहिलीनं. वारली बिचारी."

२३ नोव्हेंबर
अकरा वर्षांपूर्वी 'महिनाभर माहेरी राहून ये' म्हणाले, न्यायला आले नाहीत. मूल होत नव्हतं. माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही. दुसरं लग्न केल्याचं उडत उडत कानावर आलं होतं. मी मेले, हे मात्र काल कळलं.
शाळेत दोन मुलींना उगाच रागावले.

२६ नोव्हेंबर
उसवायला बसले. आधी वाटलं, कात्रीच चालवावी. नाही चालवली. धागा सरसर सुटत गेला. तेव्हा विणायला दोन महिने लागले होते. आज एका दुपारीत संपला. लोकर अजून चांगली आहे.

२ डिसेंबर
सिंधू माप द्यायला आली. मुलगी माझ्या मांडीवर बसली, माझ्या बांगड्यांशी खेळत राहिली. सिंधूची इथं कुणाशी ओळख नाही. "तुमच्याकडे आलं की बरं वाटतं, बाई." मग माझ्या कुंकवाकडे बघून, "यजमान कुठे असतात?"
"परगावी."
जिभेवर आलं होतं. तिचा तोंडावळा इतका साधा, की... उठून चहा टाकला. तिचा राग येत नाही. आला असता तर सोपं होतं.

८ डिसेंबर
टोपडं नेलं. मोजे सोमवारी देईन म्हटलं. दारात थांबून म्हणाली, "तुमचं नावच विचारलं नाही मी. यांना सांगायचंय, किती सुरेख केलंत."
सांगितलं. माहेरचं नाही, लग्नात त्यांनी ठेवलेलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पहिलीचं नाव त्या घरात कुणी घेत नसणार.
जिना उतरून गेली. अडवायला हवं होतं का? आज ती घरी सांगेल.

९ डिसेंबर
दुपारी जिन्यावर बूट वाजले. अर्ध्यावर थांबले. खालून इरव्वाचा आवाज. मी दाराशी, कडीवर हात. बूट खाली गेले.
इरव्वा वर आली. "कोण की, कोट-टोपीवाला. बाई हायत का म्हणून इचारलं. हायत की, वर जावा म्हणलं. तर तोंड पांढरंफटक करून माघारी फिरला. कोण व्हता?"
"ओळखीचे," म्हटलं.
दुसरा मोजा टाचेपर्यंत आला आहे. उद्या सोमवार. सिंधू येईल का, आणि आली तर तिला मी काय सांगू?