फुंकर

४ नोव्हेंबर

आजपासून मी रीतसर घरजावई. सामान उतरवणाऱ्या माणसानं जिना चढता चढता मला विचारलं, घर तुमचंच का म्हणून. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको मागून म्हणाली की माझ्या वडिलांचं. तो माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला की हसून हसून तिची पुरेवाट झाली.

घर ऐसपैस आहे. वर आम्ही दोघं. खाली स्वयंपाकघर, सासऱ्यांची खोली आणि तिला लागून मागच्या बाजूला वर्कशॉप. सासऱ्यांना ती बाबा म्हणते म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांना श्वासाचा आजार आहे. पलंगावरून खुर्चीत यायचं तरी मध्ये थांबून धाप टाकावी लागते. ते हा हिवाळा काढतील का, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून गॅरेजमधली चांगली चाललेली नोकरी सोडून मी इकडे आलो. इथंही एक गॅरेज बघून ठेवलंय, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं.

वर्कशॉप बघून मात्र मी बेहद्द खूश. रस्त्याकडे मोठी खिडकी, जाडजूड लाकडी टेबल, भिंतीवर लहानमोठे पाने ओळीनं टांगलेले. मधोमध माझ्या बापाहून म्हातारी मोटरसायकल उभी आहे, पण पोटात इंजिन नाही. ते सुटं करून पेट्यांमध्ये भरून ठेवलंय. बाबांनी दम खात खात सांगितलं की एकदा हिचा आवाज ऐकायचाय, मग डोळे मिटले तरी चालतील. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्यांनी नको म्हटलं असतं तरी मी हातापाया पडलो असतो.

७ नोव्हेंबर

पेट्या उघडल्या. मला वाटलं होतं गंजाचा ढीग निघेल. पण एकेक भाग तेलात भिजवलेल्या कापडात गुंडाळलेला आणि काल सोडवल्यासारखा स्वच्छ. कापड फुलाफुलांचं. बायकोनं ते हातात घेऊन उलगडलं. आईचा गाऊन आहे म्हणाली. बाबांनी फाडून त्याच्या चिंध्या केल्या होत्या. मग तिनंच त्यांची बाजू घेतली, की आईवर त्यांचा फार जीव होता, तिची वस्तू ते टाकून देणार नाहीत. बायकोच्या गाऊनमध्ये पिस्टन गुंडाळणारं प्रेम मी तरी पहिल्यांदा बघतोय. पण हे मी मनातच म्हटलं.

बाबांच्या सूचना सुरू झाल्यात. सगळं काम माझ्याच हातानं व्हायला हवं. तेलाच्या वाटा आणि कार्ब्युरेटरमधली बारीक भोकं तोंडानं फुंकूनच साफ करायची, यंत्राची हवा मारायची नाही. हे त्यांनी मला तीनतीनदा बजावलं. जुन्या माणसांची खुळं असतात, त्याला काय करणार. मी मान डोलावली.

९ नोव्हेंबर

सिलिंडर घेऊन लेथवाल्याकडे गेलो. त्याला सगळे मायक्रॉन म्हणतात, कारण केसाच्या जाडीवरून तो गिऱ्हाइकाशी अर्धा अर्धा तास भांडतो. माझ्याशीही भांडला आणि काम फर्स्टक्लास करून दिलं.

परत आलो तर वर्कशॉपच्या दारात बायको उभी, ओठांभोवती काळी मिशी. मी नाही असं बघून तिनं सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले होते आणि एकेक भोक फुंकून मोकळं केलं होतं. लहानपणी आई असंच करायची म्हणे, बाबा सोडवायचे आणि ती धुवून फुंकून द्यायची. मला तिचं फार कौतुक वाटलं. मिशी तुला शोभते म्हटलं, तर चिंधी फेकून मारली. बाबा झोपले होते, त्यांना कळलं नाही.

१३ नोव्हेंबर

क्रँक बसवला, इंजिनाची खालची पेटी बंद केली. बाबा खुर्चीवर बसून सगळं बघत होते आणि आज त्यांना धाप लागली नाही. दुपारी दोनदा वाढून घेतलं. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली, आनंदानं. औषधापेक्षा तुझे हात गुणाचे, असं मला म्हणाली. मी दिवसभर हवेत.

बाबांनी विचारलं की फुंकलंस ना तूच. मी हो हो म्हणून वेळ मारून नेली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, सावकाश, बराच वेळ.

१९ नोव्हेंबर

पिस्टन आणि सिलिंडर बसले. बाबा काठी कोपऱ्यात ठेवून अंगणात फिरून आले. शेजारी बघायला जमले होते.

बायको मात्र जिना चढताना मध्येच टेकते. मी गोड बातमी आहे का म्हणून चिडवलं, तर नाही म्हणाली, आणि तेवढं बोलतानाही थांबली. डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला, बाबांची उठबस करून थकली असेल म्हणाले. आता मीच स्वयंपाक करतो. माझ्या हातचं खाऊन लवकर बरं व्हावंसं वाटेल, असं ती म्हणते.

२३ नोव्हेंबर

वरचं हेड बसवलं, इंजिन मोटरसायकलमध्ये चढवलं आणि कॉम्प्रेशन बघितलं. त्यासाठी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक फिरवायची. आतली हवा अंगठा उडवून लावते, इंजिनात दम आहे की नाही ते कळतं. दम आहे, भरपूर आहे. किक थांबवली, अंगठा तसाच होता.

अंगठा आत ओढला गेला. मग ढकलला गेला. पुन्हा ओढला गेला. किकवर पाय नव्हता, मी मोटरसायकलच्या बाजूला उभा होतो. मी पाना घेऊन क्रँक तपासला, तो जागचा हलत नव्हता. पुन्हा अंगठा ठेवला. ओढ, ढकल, मध्ये थोडं अडखळणं, ओढ.

खिडकीतल्या उन्हात जास्त वेळ उभा राहिलो असेन. वर जाऊन बायकोशेजारी आडवा झालो. ती झोपली होती. माझा अंगठा अजून ठुसठुसत होता आणि तिची छाती त्याच चालीनं वरखाली होत होती. मधलं अडखळणंसुद्धा तसंच. मला ते मोजायचं नव्हतं, पण कान तिकडेच जात होते.

२६ नोव्हेंबर

बायकोची मावशी भेटून गेली. भाचीला बघून तिचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाली की माझी बहीणही अशीच गेली. त्या वर्षी आजारी पडला होता तो तुझा सासरा, आम्ही त्याची आशा सोडली होती. तो मोटरसायकल जुळवत बसायचा, बहिणीकडून भाग धुवून फुंकून घ्यायचा. बघता बघता तो खडखडीत झाला आणि बहिणीला जिना चढवेना. मग एक दिवस त्यानं ते इंजिन भरदुपारी उघडलं आणि ती त्याच दुपारी गेली. नशीब असतं एकेकाचं, म्हणाली आणि डोळे पुसले.

मी तिला रिक्षापर्यंत सोडलं. परत आलो. बाबा दारात उभे राहून कुठलंसं गाणं गुणगुणत होते.

२७ नोव्हेंबर

ठरवलं, सगळं सोडवायचं. पुन्हा पेटीत. नाहीतर भंगारात.

हेडचा पहिला नट सैल केला आणि वरून बायकोचा आवाज आला. घशात काही अडकल्यासारखा. मी धावलो. ओठ निळे, डोळे छताला, एक हात माझ्याकडे. खाली धावलो, नट घट्ट केला, पुन्हा वर. श्वास आला होता. ती माझा शर्ट धरून राहिली.

खाली म्हातारा वर्कशॉपच्या दारात उभा. यापुढे मी त्याला बाबा म्हणणार नाही. अगदी शांतपणे म्हणाला की उघडू नकोस. त्या वेळी मी घाबरून उघडलं होतं, म्हणून तर तुझी सासू गेली. तिचा सगळा श्वास आत होता. मग त्यानं विचारलं की भोकं कोणी फुंकली. मी सांगितलं.

तो खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. म्हणाला, मला वाटलं तुझी फुंकर आत जाईल. तुला म्हणून तर बोलावलं. पोरीला काही होऊ नये असंच मला वाटत होतं, पण मला मरायची फार भीती वाटते रे.

मी त्याची गचांडी धरली. त्याला साधी धापसुद्धा लागली नाही.

२९ नोव्हेंबर

तिला आता पाणीही झेपत नाही. हॉस्पिटलवाल्यांनी गाडी आणली होती. गाडी वळणापर्यंत गेली आणि ही निळी पडली. परत फिरवावी लागली. इंजिनापासून लांब नेता येत नाही.

म्हातारा म्हणतो चालू कर. चालू झालं की पेट्रोलवर जगेल, हिला सोडेल. तो खोटं बोलतो हे मला माहीत आहे. पण दुसरं काय करू.

पहिल्याच किकला सुरू झालं.

३० नोव्हेंबर

ती उठून बसली. माझ्याशी बोलली. माझ्या वाढलेल्या दाढीला नावं ठेवली. मला रडू आवरेना. इंजिन चालू ठेवलंय. खाली सतत तो आवाज, सावकाश, भरदार. म्हातारा त्याच्या तालावर अंगणात चकरा मारतो. त्याचे केस मुळापाशी काळे होतायत.

१ डिसेंबर

टाकी भरायला गेलो. पेट्रोल होतं तेवढंच. थेंबभरही उतरलं नाही. नळी बघितली —

पेट्रोलचा कॉक बंद आहे. मी उघडलाच नव्हता. परवापासून ते पेट्रोलवर चालत नाहीये.

वर गेलो. कालचा रंग गेलाय. गालांची हाडं दिसतात. मला म्हणाली की तो आवाज माझ्या छातीतून येतो.

प्लगची टोपी काढली. ठिणगी नाही तरी चालू. कॉक बंद, ठिणगी नाही, तरी —

उघडता येत नाही. थांबवता येत नाही. ती मात्र —

२ डिसेंबर, सकाळ

डाव्या हातानं लिहितोय.

हट्टी इंजिन बंद पडत नसेल तर आम्ही कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात दाबतो. हवा तुटते, इंजिन मरतं. तेवढाच उपाय राहिला होता. तिचा श्वास अडला तर लगेच हात काढायचा, असं ठरवून दाबला.

मेलं नाही. हात ओढला. तळव्यातून, मनगटातून, पार छातीपर्यंत. आणि वर ती मोठ्यानं श्वास घेताना ऐकू आली. पूर्ण श्वास. पंधरा दिवसांत तसा ऐकला नव्हता.

हात थोडा उचलून बघितला. वर घुसमटली. पुन्हा दाबला. मोकळी झाली.

म्हणजे आता माझा. चालेल.

—

म्हाताऱ्यानं स्टूल आणून दिलं. बसा जावईबापू, म्हणाला. आधीच असं झालं असतं तर पोरीला त्रास झाला नसता, म्हणाला.

बसलो. उभं राहवत नाही.

—

बोटांचं काही कळत नाही. आवाज निघत नाही. हाक मारून बघितली, नुसती हवा —

तिची पावलं. जिना उतरतेय. भरभर.

—

ती आली. रडतेय. विचारतेय काय झालं. मला सांगता येत नाही म्हणून लिहितो. हे वाच.

हात ओढू नकोस. माझा श्वास लागलाय म्हणून तुझा सुटलाय. ओढलास तर पुन्हा तुझा —

वहीकडे बघ. माझ्या तोंडाकडे नको, वहीकडे. मनगट सोड.

मावशीकडे जा. लांब जा. आता जाता येईल. म्हाताऱ्याचं ऐकू नकोस

ओढू नकोस ग

जिना उतरताना आज तू एकदाही थांबली नाहीस. मी ऐकत होतो. तेवढ्यासाठी मी