मागच्या माणसाचे नाव

मी, कॉरीन हॅस्केट, वय सेहेचाळीस, पशुखाद्याच्या दुकानात नोकरी, राहणार जुना गिरणी रस्ता, कॉटर्स बेंड, ब्रॅनॉक काउंटी, मिझूरी, हे माझ्या इच्छेने, माझ्या अक्षरात, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोक्यातल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला आहे, पण डॉक्टर म्हणतात तो विचारांच्या वाटेत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेले नाही. घाई मात्र आहे. परवा, गुरुवारी सकाळी सात वाजता शस्त्रक्रिया आहे. आणि आज दुपारी चार वाजता माझा दीर लायल या घरात येणार आहे. अकरा वर्षांत तो आलेला नाही. तो येण्याआधी हे पुरे झाले पाहिजे, कारण पाचवे कलम मी त्याला वाचायला देणार आहे. कागद पुढे नसेल तर माझे तोंड उघडणार नाही. मी स्वतःला ओळखते.

कलम १. नऊ वर्षांपूर्वी माझे पती ऑरिन आणि मी मिळून केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सगळे एकमेकांना दिले होते. ऑरिनला जाऊन चार वर्षे झाली.

कलम २. हे घर, त्यामागची कोठी आणि बँकेतली शिल्लक मी टेसा हॅस्केट हिला देते. टेसा ही लायलची मुलगी, वय सव्वीस. आम्हाला मूल नाही. दोन्ही घरांचे बोलणे तुटल्यावरही ती सोळाव्या वर्षापासून सायकलवरून यायची आणि बापाला सांगायची की वाचनालयात जाते. टेसा, मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढायची. जोर लावायचा नाही.

कलम ३. ऑरिन घोड्यांना नाल ठोकायचा. त्याची ऐरण, पकडी, कानशी आणि भाता शेजारच्या काउंटीतल्या शेतकी शाळेला द्यावा. वेड क्रचर याला यातले काहीही देऊ नये. ऑरिनच्या हाताची पट्टीसुद्धा सुटली नव्हती, तेव्हाच वेड त्याच्या गिऱ्हाइकांकडे जाऊन म्हणाला होता, "अंगठा गेलेला माणूस खूर कसा धरणार? मी आहे की." वेडला माझ्याकडून एक नाल द्यावा. गंजलेला चालेल.

कलम ४. माझ्या तीन वह्या आमच्या नेमबाजी मंडळाला. आमच्याकडच्या सामन्यात नुसते लक्ष्यावर गोळ्या झाडत नाहीत. आधी एक प्रसंग वाचून दाखवतात. तुम्ही पेट्रोल पंपावर पैसे द्यायला उभे आहात, दोघे आत शिरतात. तुमच्या कडेवर मूल आहे. दार तुमच्या डावीकडे आहे. मग टायमर वाजतो, आणि जॅकेटखालून शस्त्र काढून, आडोशाआडून, पुठ्ठ्याची माणसे टिपत पळायचे. ते प्रसंग चौदा वर्षे मी लिहिले. मंडळी म्हणायची, "कॉरीन, तुझ्या गोष्टीत साधं दूध आणायला गेलं तरी जीव जातो." खरे आहे. माझ्या सगळ्या गोष्टींत संकट बाहेरून येते, दारातून, अनोळखी माणसाच्या रूपाने. वह्या घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवून त्या वापराव्यात.

कलम ५. हे कलम कशाची वाटणी करत नाही. हा कबुलीजबाब आहे.

ऑरिन रिव्हॉल्व्हरवाला होता. मंडळातले बाकी सगळे पिस्तूलवाले, दहा-दहा गोळ्यांचे. रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत सहा. सहा संपल्या की चक्री उघडायची, पुंगळ्या झटकायच्या, सहा नव्या भरायच्या, आणि घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून रिव्हॉल्व्हरवाला मनात सतत मोजत असतो. पोरे त्याला चिडवायची, "आजोबा, सहा संपल्यावर दगड मारणार का?" आणि तो म्हणायचा, "तुला दहा लागतात यात माझा काय दोष रे?"

काडतुसे आम्ही घरी भरायचो. लाकडी ठोकळ्याला पन्नास भोके. पन्नास पुंगळ्या उभ्या करायच्या, प्रत्येकीत मापाने दारू घालायची. मग विजेरी घेऊन सगळ्यांत डोकावायचे, दारू सारखी दिसते का बघायचे, आणि त्यानंतरच गोळी बसवायची. ऑरिनचा एक नियम होता. ठोकळ्याशी बसलेल्याशी कोणी बोलायचे नाही, आणि मध्ये उठावे लागले तर परत येऊन सगळ्या पुंगळ्या उलट्या करून पहिलीपासून सुरुवात करायची.

अकरा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात मी ठोकळ्याशी बसले होते आणि दार ठोकावे तसा फोन वाजत राहिला. माझी आई होती. मी उठले. परत आले तेव्हा मला वाटले, मी कुठवर आले होते ते मला माहीत आहे. मी पहिलीपासून सुरुवात केली नाही. विजेरीही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सामना होता आणि मला अजून प्रसंग लिहायचा होता.

दारू नसलेले काडतूस उडत नाही असे नाही. बुडाच्या टिकलीतल्या ठिणगीने गोळी ढकलली जाते आणि नळीत मध्येच अडकते; तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फाटते. आवाज होतो, पण जिभेने टाळू वाजवावा एवढा. पळणाऱ्याला तो ऐकू येत नाही. म्हणूनच प्रत्येक नेमबाजाच्या खांद्याशी एक सुरक्षा अधिकारी टायमर घेऊन चालतो. आम्ही त्याला मागचा माणूस म्हणतो. चुकीचा आवाज ऐकला की त्याने "थांब!" ओरडायचे. तेवढ्यासाठीच तो असतो.

त्या दिवशी ऑरिनच्या मागचा माणूस लायल होता. मैदानावर उभारलेल्या आडोशाच्या पहिल्या खिडकीतून ऑरिनने चार वेळा चाप ओढला. चौथा आवाज तसा होता, हे पाच-सहा जणांनी नंतर सांगितले. मी लांब, गुण लिहायच्या टेबलाशी होते, मला वारा ऐकू येत होता. पहिल्या खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत जायला ऑरिनला दोन सेकंद लागले. लायल काही बोलला नाही. दुसऱ्या खिडकीत ऑरिनने पाचवी झाडली आणि नळी मुळाशी फाटली. डावा अंगठा गेला. गालावर चीर.

दवाखान्यातून आल्यावर मंडळाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, ऑरिनने विचारले, "लायल, तू ऐकलंस की नाही, एवढंच सांग."

लायल जमिनीकडे बघत राहिला.

"काडतूस चुकू शकतं. भरताना माझाच हात चुकला असेल. पण मग बहिरा माणूस माझ्या मागे कशाला उभा केला?"

त्या दिवसापासून लायलचे नाव बहिरा पडले. मंडळाने त्याचे सुरक्षा अधिकाऱ्याचे ओळखपत्र काढून घेतले. तो सहा मैलांवर राहायला गेला. भाऊ भावाशी पुन्हा बोलला नाही.

आता माझे. त्या रात्री ऑरिन दवाखान्यात असताना त्या खोक्यातली उरलेली काडतुसे मी एक-एक फोडली. आणखी एक बिनदारूचे निघाले. पन्नासात दोन, शेजारशेजारची, फोन वाजला तिथली. मी ते ओढ्यात फेकले. ऑरिन सात वर्षे म्हणत राहिला की खोके त्यानेच भरले असेल, आणि मी म्हणत राहिले, "जाऊ दे आता." खोके मी भरले होते. हे मी त्याला सांगितले नाही. तो गेला तेव्हा भावावरचा राग त्याच्याबरोबर गेला, आणि तो राग माझ्या वाटणीचा होता.

डॉक्टरांनी पडद्यावर रक्तवाहिनीचे चित्र दाखवले. इथे भिंत पातळ झाली आहे, ते म्हणाले, दाब वाढला की फाटेल. बाकीचे समजावून सांगायची त्यांना गरज पडली नाही.

कलम ६. ऑरिनची दुसरी रिव्हॉल्व्हर, चार इंची नळीची, तिचा कमरपट्टा आणि सहा काडतुसे एकदम भरायचे आठ गोल साचे टेसाला. काडतुसे विकतची आणायची. भरायचे यंत्र मोडीत काढावे. टेसा, तू मोजताना ओठ हलवतेस. कोणी हसले तरी हलवत राहा.

कलम ७. ओढ्याकाठची अकरा एकर जमीन, जी सासऱ्यांनी दोघा भावांसाठी ठेवली होती आणि जी ऑरिनने एकट्याच्या नावावर करून घेतली, ती मी लायल हॅस्केट याला देते. ही भरपाई नाही. ती त्याचीच होती.

चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. फाटकाशी गाडी थांबली आहे. तो उतरत नाही.

पुढचे मी पाच वाजता लिहीत आहे, तो समोर बसलेला असताना.

तो आला, टोपी काढली नाही. म्हणाला, "कॉफी आहे का? का तीही कुणाच्या नावावर केलीस?" मी कॉफी दिली आणि कागद दिले. त्याने उभ्यानेच वाचले. पाचवे कलम दोनदा वाचले. माझे लक्ष त्याच्या हाताकडेच होते.

मग म्हणाला, "काय म्हणत होती तुझी आई?"

"भोपळ्याच्या गोड पाईमध्ये दालचिनी किती घालायची."

"किती?"

"लायल..."

"नाही, सांग ना. ऑरिनचा अंगठा कितीला गेला ते मला कळू दे."

"एक चमचा."

तो खुर्चीवर बसला. "मरतानासुद्धा नाही सांगितलंस त्याला?"

"नाही."

"मी तुझ्या दुकानात आलो होतो, गेल्या वर्षी. तो वेड मोठ्यानं ओरडला, 'लायल, ऐकू येतंय का रे?' सगळे खिदळले. तू गल्ल्यामागे उभी होतीस."

"होते."

"तू पण हसलीस."

मी हसले होते. अगदी थोडे, गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून. इथे तेही लिहून ठेवते.

"आणि हे मला वकिलाकडून कळणार होतं," तो म्हणाला.

"म्हणून तर बोलावलं तुला."

"परवा डोकं उघडणार आहेत म्हणून बोलावलंस. उघडणार नसते तर?"

त्याचे उत्तर इथे लिहिते: नसते बोलावले.

एवढ्यात शेजारची ओपल ट्रिव्हेट मागच्या दाराने आली. साक्षीदार म्हणून मीच तिला सांगून ठेवले होते, तिला आणि तिचा नवरा गार्थ याला. ती म्हणाली, "मी काही वाचणार नाही हं, कॉरीन. सही दाखव कुठे करायची. तुमचं काय चाललंय ते मला काही ऐकू..." आणि लायलकडे बघून तिचे वाक्य तिथेच राहिले. तिचा चेहरा लाल झाला.

लायल म्हणाला, "बस, ओपल. गार्थ कुठाय?"

"गाईला बघतोय. येईल."

"त्याला नको बोलावू. दुसरी सही मी करतो."

मी त्याला सांगितले की वकिलांनी बजावले आहे, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. सही केलीस तर ओढ्याकाठची जमीन गेली.

"वाचता येतं मला."

"बापाची जमीन आहे, लायल."

"कॉरीन, आजवर या प्रकरणात मला कोणी साक्षीदार केलेलं नाही. उभा होतो मी तिथे. सगळ्यांत जवळ. आरोपीच केलं सरळ. जमीन टेसाला दे आणि पेन इकडे आण."

मी विचारले की त्याने मला माफ केले का. विचारायला नको होते.

"सही करतोय," तो म्हणाला. "त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस."

म्हणून कलम ७ मी बदलते. अकरा एकर जमीन टेसा हॅस्केट हिला.

कलम ८. पाचवे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. येत्या शनिवारी मंडळाच्या सामन्यात, सकाळी सुरक्षेचे नियम वाचायच्या आधी, टेसाने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. मी त्या वेळी शुद्धीवर असेन, बेशुद्ध असेन किंवा नसेन. लायलचे ओळखपत्र परत द्यावे अशी मंडळाला विनंती नाही, मागणी आहे. मी जगले तर मला जे म्हणायचे ते माझ्या तोंडावर म्हणावे. मी घरीच असेन.

वर लिहिलेले सारे मी वाचून पाहिले. ते माझे आहे आणि मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर, ते बघत असताना, मी खाली सही करते.

कॉरीन हॅस्केट

साक्षीदार पहिली: कॉरीनने माझ्यादेखत सही केली. ती शुद्धीत होती. थोडी रडत होती, पण शुद्धीत होती.
ओपल ट्रिव्हेट

साक्षीदार दुसरा: कॉरीनने माझ्यादेखत सही केली. तिने लिहिलंय त्यात एक गोष्ट चूक आहे, ती दुरुस्त करतो. शनिवारी हेही वाचावं. मी बहिरा नव्हतो. चौथा आवाज मी ऐकला, आणि तो काय आहे ते मला कळलं. दोन सेकंद होते. शब्द तोंडात होता. घड्याळ माझ्या हातात होतं आणि ऑरिन पहिल्यांदाच सगळ्या पिस्तूलवाल्यांच्या पुढे होता. मला वाटलं, चुकून थांबवलं तर तो मला कधी माफ करणार नाही. बहिरा म्हणवून घेणं मला सोपं गेलं.
लायल हॅस्केट

कॉटर्स बेंड, मिझूरी
मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४