फोटोतून पुसलेली मुलगी

१२ मे
पोचलो एकदाचे जॉर्जियात. मी, हेतल, प्रितम आणि भावेश. पनवेलजवळच्या रोडपालीत तळोज्याच्या कंपन्यांचा वास घेत वाढलेल्या मला डोंगरातली ही हवा पचेचना. आम्ही उतरलोय त्या घराच्या मालकीणबाईंचं नाव नाना. भावेशने त्यांना लगेच नानासाहेब करून टाकलं. हेतलने पनवेलहून डबाभर थेपले आणलेत, निम्मे नानासाहेबांनीच फस्त केले.

१४ मे
चर्चच्या टेकडीवर तिघांचा फोटो काढला. आजवरचा माझा सगळ्यात चांगला. फक्त मागे गावातली एक मुलगी उभी, थेट कॅमेऱ्याकडे बघत. माझ्या फोटोत आगंतुक खपत नाहीत. मोबाईलवर बोट फिरवलं, पुसून टाकली. हेतल म्हणाली, राहू दे गं तिला, तिचंच तर गाव आहे. मी ऐकलं नाही. मी कधी कुणाचं ऐकते?

१५ मे
हेतल नाही. तिची बॅग नाही, तिच्या पलंगावरच्या चादरीला साधी सुरकुती नाही. प्रितम आणि भावेश विचारतात, कोण हेतल? आधी वाटलं, माझी फिरकी घेतायत. मग फोटो उघडला. हेतलच्या जागी ती मुलगी उभी आहे, हेतलचं लाल जॅकेट घालून. प्रितम म्हणतो, आपण तिघंच तर आलोय. तिकिटंही तीनच. मला वेड लागलेलं नाही. हेतल आहे.

१८ मे, रोडपाली
घरी आल्या आल्या आईला विचारलं. ती म्हणाली, "कोन हेतल गो? तुमी तिगंच त गेलेले." तडक पनवेलच्या बाजारात हेतलच्या घरी गेले. तिच्या आईने, भावनाकाकींनी, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की आम्हाला मूलबाळ नाही. मी भांडले. काकांनी हाताला धरून बाहेर काढलं. रस्त्यात उभी राहून रडले, मग स्वतःचाच राग आला. पुसलं मी, तर परतही मीच आणणार.

१९ मे
ती मुलगी फोटोत पुढे सरकतेय. काल प्रितम-भावेशच्या रांगेत होती. आज त्यांच्या पुढे. भीती वाटते, हो. तरी मोबाईल फेकणार नाही. बघ किती बघतेस ते.

२० मे, दुपार
'मूळ फोटो परत आणा' — दाबलं.

हेतल आली. फोटोत आली. हसतेय —

भावनाकाकींचा फोन. हेतल घरीच आहे, झोपलीय. म्हणजे माझी हेतल परत आली. मग काकींनी विचारलं, तिच्या मोबाईलवर तुझे इतके फोन कसे, तू कोण?

फोटोत ती मुलगी नाही. पुढे नाही, मागे नाही —

स्वयंपाकघरातून आईची हाक. "दीपे, जेवाला ये गो."

आले गं, म्हणालं कुणीतरी. माझ्या आवाजात.

भांडी वाजली. आई हसतेय —

हेतलला आणलं, चांगलंच केलं. पुन्हा वेळ आली तरी आणीन. पण आई त्या मुलीला देणार नाही. जाते आत, वही घेऊनच —

माझ्या ताटावर फोटोतली ती मुलगी बसलीय. आई माझ्याकडे बघून विचारतेय, कोन पायजे तुला. म्हटलं, तू. आणि आधी हिला माझ्या ताटावरून उठ—