कातड्यातून औषध जाते का

१९ ऑगस्ट
विहारामागच्या खोलीत आज अकरा पोरं. लाइट नाही, पंखा बंद. रोज चार ते सहा फुकट शिकवणी, विषय कोणताही. डी.एड. होऊन चौदा वर्षं झाली, नोकरी नाही, मग निदान हे तरी. लसावि, कर्ता-कर्म, अक्षांश. मग आठवीतली प्रांजली: "ताई, कातड्यातून औषध आत जाते का?" म्हटलं, नाही, त्वचा शरीराचं संरक्षण करते. तिनं वहीत लिहिलं. भूगोलवाली केव्हाची थांबली होती, तिला घेतलं.

२४ ऑगस्ट
प्रांजली चार दिवस आली नाही. शेजारची काजल सांगत होती, "तिचे बाबा मजुरीनं फवाराले गेलते. कपाशीतच पडले. तोंडाले फेस. घाटंजीहून यवतमाळले नेलं."
फवारणीचं औषध! आपण त्यालाही औषधच म्हणतो. मी मलम समजले. 'काहून विचारतं?' एवढं एक विचारलं असतं तर…

२५ ऑगस्ट
उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन. "जाते ना ताई. आंगाले घाम असला तर अजून लवकर."
पोरांना घरी पाठवलं. 

२९ ऑगस्ट
यवतमाळ. सरकारी दवाखाना. प्रांजलीच्या बाबांच्या, देवानंदभाऊंच्या, नाकातोंडात नळ्या. तिची आई, वनिता वहिनी, बाहेर फरशीवर बसलेल्या. म्हणाल्या, "पंप गयत होता, पाठ सारी ओली. म्या म्हटलं, प्लास्टिकची पन्नी तरी बांधा. तं हे म्हणे, पोरीले इचाराले लावलं होतं, ताई म्हणते कातड्यातून जात नाही."
म्हणजे प्रश्न त्यांचा होता.
वहिनी रागानं बोलल्या नाहीत. ती ताई मीच, हे त्यांना माहीत आहे. केळी ठेवली, उठले. 

३ सप्टेंबर
आता प्रत्येकाला विचारते, हे कायले पाहिजे? पोरं कावतात. काजल म्हणाली, "पुस्तकात हाय म्हणून, ताई." खरंच आहे. आम्लाच्या प्रश्नावर अर्धा तास गेला. गणित राहिलं.

११ सप्टेंबर
भाऊंना घरी आणलं. मी भेटायला गेले. हात थरथरतात, कप धरवत नाही. दिसतं, पण धुरकट. माझा चेहरा ओळखला नाही, आवाजावरून म्हणाले, "ताई व्हय का?"
सांगितलं. मी चुकीचं सांगितलं, कशासाठी ते न विचारता सांगितलं.
भाऊ म्हणाले, "तुमी पुस्तकातलं सांगतलं. म्याच पोरीले औषध नाही, इख म्हणाले लावाले पायजे होतं."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
प्रांजली चुलीपाशी पाठमोरी बसून भाजी चिरत होती. मी निघेपर्यंत वळली नाही.

१७ सप्टेंबर
आज आली. मागे बसली, वही नाही. सगळे गेल्यावर: "बाबाची नजर वापस येते का?"
"मले माहीत नाही."
"पुस्तकात?"
"नाही."
"मंग कोणाले माहीत हाय?"
म्हटलं, डोळ्याच्या डॉक्टरला. आणि त्यांनाही नक्की सांगता येईल की नाही, तेही मला माहीत नाही.
ती म्हणाली, माय आता दुसऱ्याच्या शेतात निंदाले जाते, बाबाला एकट्यानं बसमध्ये चढता येत नाही.

१९ सप्टेंबर
उद्या सकाळच्या बसनं यवतमाळ. भाऊ, प्रांजली, मी. तिनं सहा प्रश्न कागदावर लिहून आणले. चौथ्यात थोडं खोडून नीट करू का, म्हटलं. कागद मागे घेतला.
"डॉक्टरले मीच इचारीन. तुमी फक्त बाबाले धरजा."