सतरंजीचे पलीकडचे टोक

मास्तर,

आज रविवार, १३ ऑक्टोबर १९४०, दुपारचे चार वाजले आहेत. प्रभुभोजनाचा पितळी पेला चिंचेने घासून धुतला, पालथा घातला आणि हात पुसून लिहायला बसलो आहे. सकाळी प्रार्थनेत जे झाले ते बरोबर झाले की चुकले, हे मला कळत नाही. काकांना विचारावे तर ते बरोबरच म्हणतील, म्हणून त्यांना विचारण्यात अर्थ नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षे झाली, तरी विचारायला दुसरे कोणी सुचत नाही.

तुम्ही गावात उपदेशक म्हणून आलात तेव्हा ख्रिस्ती झालेली सगळी घरे आमच्या महारवाड्यातली होती. मग मांगवाड्यातले एकच घर आले, दोर वळणाऱ्या आबांचे. जालन्याहून पाळकसाहेब अधूनमधून प्रभुभोजन द्यायला येत. आम्ही सतरंजीवर ओळीत बसत असू आणि मनुका उकळून केलेल्या रसाचा एकच पेला या टोकापासून त्या टोकापर्यंत हातोहात जाई. आबांना अगदी शेवटी बसवले होते, कारण त्यांच्या ओठांना लागलेला पेला पुढे कोणी घेतला नसता. तो दिवस मला अजून दिसतो. पाळकसाहेब पेला उचलतात, तुम्ही पहिल्या जागेवरून उठता, ओळीच्या मागून चालत जाता आणि आबांच्या पलीकडे, सतरंजी संपते तिथे, सारवलेल्या जमिनीवर बसता. आबा पितात, मग तुम्ही. तळाशी उरलेला थेंबही ठेवत नाही. बोलत काहीच नाही.

तुमचे सगळे असेच असायचे. शाळा झाडा, असे तुम्ही कधी म्हणाला नाहीत. स्वतः झाडायला लागायचात, आणि लाजून आम्हीच तुमच्या हातातला झाडू ओढायचो. मी एकदा म्हणालो होतो, "मास्तर, आबांच्या मागून प्या म्हणून सगळ्यांना सांगा ना." तुम्ही रागावलात. "सांगितलं की लोक सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसतात. तू पाटीकडं बघ."

पुढच्या वेळी माझे वडील उठून तुमच्याही पलीकडे बसले. म्हणाले, "मास्तर पितेत, मंग आपलं काय झिजतं?" त्याच्या पुढच्या वेळी आणखी काही जण. शेवटची जागा पुण्याची, असे सगळ्यांनी धरले. तुम्ही उठून आणखी पलीकडे जायचात, की लोकही तुमच्या पलीकडे. भिंत लागली, तरी सरकणे थांबेना. पाळकसाहेब म्हणाले, "अहो, इकडं माझ्याजवळ काय साप निघाला का?" असे सरकता सरकता आबा कधी ओळीच्या मध्ये आले, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. तुमच्यानंतर शाळा आणि प्रार्थना माझ्याकडे आली, तशी शेवटची जागाही आली.

आता काकांच्या मुलीचे तीर्थपुरीकडच्या एका ख्रिस्ती घरात जमले आहे. पाहुणे आज येणार होते, आणि आबांच्या मागून पेला घेणार नाही, असा त्यांनी आधीच निरोप धाडला होता. काका माझ्याकडे आले. "आजच्या दिवस त्याला शेवटी बसव. न्हाई तर चिमुकले पेले आणू, ज्याचा त्याला. पोरीचं जमलेलं मोडलं तर तू करून देतो का लग्न?"

मी म्हणालो, "मास्तर त्यांच्या मागून प्यायचे."

तुमचे नाव निघाले की गावात अजून सगळेच गप्प होतात. तरी आधार असावा म्हणून मी जालन्याला तुमच्या घरच्या बाईंकडे गेलो. त्या लेकीकडे राहतात. चुलीपुढे भाकरी थापत होत्या. सगळे ऐकून त्या हसल्याच.

"अरे लेकरा, तुझे मास्तर खोकल्यानं बेजार होते. दवाखान्यातल्या डाक्टरीणबाईनं बजावलं होतं, तुमचं उष्टं कुणाला देऊ नका. म्हणून शेवटी बसायचे. घरात बी त्यांचा पेला येगळाच होता. तुम्ही आपले त्यांच्या पलीकडं सरकायचे, अन् ते घरी येऊन डोक्याला हात लावायचे. म्हणायचे, ह्या लोकांना आता थांबवू कसं?"

"पहिल्या दिवशीपण खोकलाच होता का?"

"खोकला आधी लागला का आबा आधी आले, ते आता सांगता येत न्हाई. मनातलं त्यांनी मला कवा सांगितलं? तुम्हाला सांगत असतील म्हणून मी गप होते."

परत येताना वाटभर तेच. आबांच्या मागून प्यावे हेही तुमच्या मनात असेल आणि खोकलाही असेल. पण मला काय माहीत? गप्प राहावे तर तुमच्या नावावर मला माहीत नसलेले खपवतो आहे. सांगावे तर काकांच्या हातात वेगळे पेले येतात आणि आबांचे घर तुटते. प्रार्थना केली, तर दोन्ही उत्तरे मिळाली.

आज पाळकसाहेबांनी पेला उचलण्याआधी मी उभा राहून सगळे सांगून टाकले. काका लगेच म्हणाले, "म्हंजे येगळा पेला मास्तरांना बी मान्य व्हता. झालं तर."

आबा जागेवरूनच बोलले. "खोकल्याचं मला ठाव व्हतं. मीच म्हणलं त्यांला, माझ्या पलीकडं बसा मास्तर. तिकडं कोणी येत न्हाई, कुणाला बाधणार न्हाई."

आबा उठले आणि आपणहून टोकाला जाऊन बसले. पलीकडे एका माणसापुरती जागा त्यांनी सोडली होती. ती माझ्यासाठी होती. मी पाळकसाहेबांजवळ उभाच. आजवर तुमच्या जागी जाऊन बसायला मला कधी जड गेले नव्हते. आज ती तुमची जागा आहे की नाही तेच कळेना, आणि पाय निघेना. पाळकसाहेब म्हणाले, "बसा." मी होतो तिथेच बसलो. पेला पहिल्यांदा माझ्याकडे आला. मग पाहुणे प्याले, काका प्याले, सगळी ओळ प्याली. आबा शेवटी. त्यांच्यामागे कोणी नव्हते. रिकामा पेला त्यांनी स्वतः आणून माझ्या हातात दिला.

मी कोणाला हाकलले नाही, खोटे बोललो नाही, पेलाही एकच राहिला. आणि काकांना हवे होते तेच झाले. तुम्ही तेव्हा तोंड उघडून कारण सांगितले असते तर? तुमचा राग येतो, मग रागाचीच भीती वाटते. बाई आणि आबा सोडून हे कोणालाच कसे माहीत नव्हते?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. बायबलात ठेवीन, किंवा चुलीत घालीन. पण एवढे लिहून ठेवतो. प्रार्थना सुटल्यावर काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शहाण्यावानी केलं. आता चिमुकल्या पेल्याचं कामच न्हाई," म्हणाले.

तेव्हा मला बरे वाटले.